नाव नवी केली ते साल

आमची नाव कोणी बांधली असं विचारलं की बा म्हणायचा, "माह्या बापानं." आजा जिवंत होता तेव्हा तोही हेच म्हणायचा, "माह्या बापानं." म्हणजे खरं कोणालाच माहीत नव्हतं. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि मधे ही सपाट बुडाची, डांबरानं काळीमिट्ट झालेली नाव. एक बैलजोडी आणि तिच्या अवतीभवती मावतील तितकी माणसं न्यायची. उन्हाळ्यात नदी गुडघाभर व्हायची, लोक धोतरं खोचून चालत पार जायचे आणि जाता जाता बाला टोमणा मारायचे, "काय नावाडीबुवा, आता काय करून राह्यले?" बा तोंडातली विडी न काढता म्हणायचा, "तुमचीच वाट पाहून राह्यलो. मिरूग लागला का येसान हात जोडत." आम्ही भोई. भोई म्हटलं की आजकालच्या लोकांना पालखी आठवते. पालखी आमच्या घरात कोणी डोळ्यानंही पाहिली नव्हती. नाव, जाळं आणि मायची जीभ, एवढीच आमची इस्टेट.

मायची जीभ चालू झाली की काठावरची ढोरंसुद्धा उठून दुसरीकडे बसायला जायची. पण तिच्या हाताला चव होती. वामीचं कालवण करायची, त्यात खोबरं नाही की काही नाही. भाजलेली मिरची, लसूण, जवसाची पूड, आणि वरून ज्वारीची भाकर चुरून. माझा मोठा भाऊ किसना, म्हणजे दादा, त्याचं लग्न झालं आणि वैनी आली ती मोगलाईतली, नदीपलीकडची. तिनं पहिल्याच महिन्यात माशात अंबाडीचा पाला घातला. मायनं कपाळावर हात मारला. "पाह्य बाप्पा! मोगलाईतले लोक मासाही आंबट करून खाते!" असं म्हणून तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दादा हसला, बा हसला, वैनी चुलीकडे तोंड करून हसली. सासऱ्यासमोर सुनेनं हसायचं नाही, बोलायचं तर नाहीच नाही. सासराही सुनेशी तोंडानं बोलत नसे. बाला पाणी हवं असलं तर तो भिंतीला सांगायचा, "कोणी पाणी देईन का?" मग वैनी लोटा आणून उंबऱ्यात ठेवायची आणि आत जायची.

दरवर्षी अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की नावेचं काम निघायचं. ते कसं करतात हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आधी नावेत दगड भरून तिला डोहात बुडवायची. उन्हानं आकसलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि बहुतेक फटी आपसूक मिटतात. मग बैल लावून नाव वर ओढायची आणि उरलेल्या फटींत अंबाडीच्या वाती, राळ आणि जवसाच्या तेलात मुरवून, पटाशी धरून मोगरीनं ठोकायच्या. मोगरी म्हणजे बाभळीचा लाकडी हातोडा. वाती वळायचं काम बायांचं, ठोकायचं काम दादाचं. चार-आठ दिवस काठावरून तो आवाज यायचा, ठक, ठकठक, मधे थांबून परत ठक, आणि माय घरात भाकरी थापता थापता म्हणायची, "चाललं माह्या लेकाचं." आधी पाणी, मग वात. हा क्रम कधी चुकला नाही.

दादा एक हंगाम वाशीमला कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला राहून आला आणि त्याच्या डोक्यात यंत्रं शिरली. "बा, बांबूनं कायले मरतं? तारेचा दोर लावू. अठच्या उंबरापासून तठच्या चिंचेपर्यंत. कप्पी घातली तारीले अन् नाव बांधली कप्पीले, का पुराच्या बापाले भेत नाई." बा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुह्या आज्यानं, पणज्यानं बांबूवर नाव चालोली. तुले तार पाह्यजे. उद्या म्हणशीन इंजिन लाव." दादाला बाभळीच्या जुन्या फासळ्या बदलायच्या होत्या, बैल बिचकू नयेत म्हणून कडेनं कठडा करायचा होता, बुडाच्या कुजट फळ्या काढून साग घालायचा होता. बोलणं रोज रात्री जेवताना व्हायचं आणि भाकर संपली की संपायचं.

त्या श्रावणात पटकी आली. दादा एका सकाळी जाळं घेऊन गेला होता, आणि दुसऱ्या सकाळी नव्हता. याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण याहून जास्त मला माहीत नाही. आम्हा पोरांना शेजारी कासामायकडे नेऊन ठेवलं होतं. आमच्या आळीत असं मानत की पटकीच्या दिवसांत मेलेल्यासाठी मोठ्यानं रडू नये. रडणं ऐकलं की मरीमाय त्याच घरात परत वळते. आणि घरात नान्या होता, दादाचा पोरगा, अजून अंगावर पिणारा. त्याच्यासाठी मायनं तोंडात पदर कोंबला आणि वैनीच्या तोंडातही कोंबला. मग पटकी गेली, दिवस झाले, आता रडायला कोणाची मनाई नव्हती, तर कोणाला रडूच येईना. माझी नात विचारते, "आजी, तुला कसं वाटायचं गं तेव्हा?" अगं बाई, काही वाटत नव्हतं, तेच तर सांगते आहे. ऊन ऊन काही खाल्लं आणि जीभ पोळली की मग दोन दिवस कशाची चव लागत नाही ना, तसं आमचं अख्खं घर झालं होतं. भाकर खायचो, पाणी भरायचो, जाळी विणायचो. माय बोलायची तेवढंच बोलायची, शिव्याही द्यायची, पण त्या शिव्यांना मीठ नव्हतं.

थंडीत वैनीचा भाऊ नदी उतरून आला. आमच्यात बाईचा पाट लागायचा. विधवेनं जन्मभर बसून राहायचं असं नव्हतं, आणि वैनी तर माझ्याहून थोडीच मोठी. त्यांच्या गावात एक बायको मेलेला माणूस होता, चांगला होता म्हणे. वर्षश्राद्ध झालं की तिला घेऊन जायचं ठरलं. दोन्हीकडची चार जाणती माणसं बसली आणि आमच्याकडची जी रीत ती बोलली गेली: "पोरगी तुमची, लेकरू आमचं." कोणी वाद घातला नाही. माय दारातून म्हणाली, "नान्या माह्या लेकाचा हाये. थो कुठी जाणार नाई." वैनी आत सुपात ज्वारी पाखडत होती. तिचा हात थांबला नाही. नान्या माझ्या कडेवर होता आणि माझ्या कानातली काडी ओढत होता. श्रावणात वैनी जाणार आणि हा राहणार, हे मला कळलं. पण शेजारच्या गावात काही झाल्यासारखं कळलं.

श्रावणात नदी भरलेली असणार, म्हणजे वैनी नावेनं जाणार. आणि नाव तर मोडकळीला आलेली. बानं होळी झाल्या झाल्या काम काढलं, आणि काय काढलं! वाढई बोलावला. बुडाच्या कुजट फळ्या उचकटल्या, साग आणला, वाकलेल्या बाभळी शोधून नव्या फासळ्या घातल्या, जुन्या लाकडी खुंट्या काढून लोखंडी खिळे मारले, कठडा केला. मग गाडी जुंपून वाशीमला गेला आणि जिनातून टाकलेला तारेचा दोर आणि एक हातभर कप्पी घेऊन आला. तार सरळ करताना त्याचे दोन्ही तळवे फाटले. मायनं हळद लावताना विचारलं, "हे आता काहून?" बा म्हणाला, "लागते." दादाचं नाव ना त्यानं घेतलं ना तिनं. मी लहान असले तरी माठ नव्हते. मला दिसत होतं की जेवताना दादानं जे जे मागितलं ते ते हा माणूस एकेक करून घालतो आहे.

या कामात माझी मात्र फजिती चाललेली. आधी दादा असायचा, तो बायकोला सांगायचा. आता बा आणि वैनी समोरासमोर दहा हातांवर, आणि मधे मी. बा म्हणणार, "जने, तिले म्हणाव राळ घट्ट झाली, तेल घाल." मी वैनीकडे वळून म्हणणार, "राळ घट्ट झाली, तेल घाल." ती मला म्हणणार, "मामंजीले सांग, तेल सरलं." मी इकडे वळून, "तेल सरलं." दोघांनाही दोघांचं ऐकू येत होतं हो! कासामाय काठावर धुणं धुताना हसून म्हणायची, "जनीची मान उतरते आता." मान उतरली नाही, पण चिडचिड झाली, आणि त्या वर्षात मला झालेली ती एवढीच चिडचिड, म्हणून चांगली लक्षात आहे.

फळ्या बसल्या. नाव काठावर उन्हात पालथी पडून होती, फटी अशा की बोट जावं. आम्ही वाती वळत बसलो होतो. बा उंबराला तार बांधायच्या खटपटीत होता. वैनी एकाएकी उठली, दादाची मोगरी आणि पटाशी कोपऱ्यातून काढून आणली, एक वात फटीवर धरली आणि ठोकली. ठक. मी म्हटलं, "वैनी, अजून बुडोली नाई नाव." तिनं ऐकलं नाही की ऐकूनही सोडून दिलं, कोण जाणे. ठक, ठकठक. बाईमाणसानं मोगरी हातात घेतलेली आमच्या काठावर कोणी पाहिली नव्हती. मी बाकडे पाहिलं. आता तो ओरडेल, आता म्हणेल, जने, तिले म्हणाव थांब. तो तारेचा पीळ हातात धरून तसाच उभा राहिला, मग हळूच खाली बसला आणि आमच्याकडे पाठ केली. घरात गेले तर माय चुलीपुढे. भाकर तव्यावर करपत होती आणि ती कान लावून बसली होती. मला म्हणाली, "दार लावू नको."

मग हे रोजचं झालं. सकाळची कामं उरकली की वैनी नान्याला माझ्याकडे द्यायची आणि ठोकायला बसायची. जीव तोडून ठोकायची. सुक्या, आकसलेल्या लाकडात ती वात ठासत होती, एकावर एक, कुठे रेघभर जागा राहू देत नव्हती. लाकूड उद्या पाण्यात फुगणार, त्याला जागा लागणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाला तर आईच्या पोटातून माहीत होतं. पण तो आवाज सुरू असला की बा विडी पेटवून बसायचा. आवाज सुरू असला की माय दुपारचंही जेवायची, हे तिनं महिनोन् महिने केलं नव्हतं. कोण थांबवणार तिला? मी आज विचार करते तर वाटतं, अख्खी भोईआळी ऐकत होती. एकानंही येऊन म्हटलं नाही की अहो, हे उलटं चाललं आहे.

मिरूग लागला, डोह भरला, नदीला पाणी आलं. नाव उतरवली. दिसायला नवरीसारखी. गावातले लोक पाहायला आले, कठड्यावर हात फिरवून गेले. चार-सहा दिवस ती डोहात बांधून होती. एका दुपारी आम्ही कण्या खात बसलो होतो, तर काठावरून मोठा आवाज झाला, झाडाची फांदी मोडल्यासारखा. मग दुसरा. जाऊन पाहतो तर फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटून खिळ्यांसकट उचलल्या गेल्या होत्या, नवी फासळी मधोमध तडकलेली, आणि नाव कठड्यापर्यंत बसलेली. बा पाण्यात कमरेपर्यंत उतरला. फळीवर हात ठेवून उभा राहिला. वैनी काठावर, पदर पुढे ओढून. मी मधे. पहिल्यांदाच कोणी मला काही सांगितलं नाही.

श्राद्ध झालं. ठरल्याप्रमाणे पलीकडच्या काठावर वैनीचा भाऊ आणि दोन माणसं येऊन उभी राहिली. नदी दुथडी. त्यानं तोंडाभोवती हात धरून हाक दिली, "नाव आणाऽ!" बानं ओरडून सांगितलं, "नाव फुटलीऽ!" ते लोक बराच वेळ उभे होते. मग तिकडून आवाज आला, "पोळ्याच्या पाडव्याले येतोऽ!" आणि ते चिखलातून परत गेले. वैनीनं घरात येऊन नान्याला छातीशी धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. तो आता दूध सोडलेला, दुडुदुडु पळणारा. कंटाळून तिला मारायला लागला. मायनं ते पाहिलं. नुसतं पाहिलं.

नाव परत वर ओढली. सगळ्या वाती उपसून काढायच्या होत्या. वैनी हुकानं ओढायला बसली, तिची बोटं सोलली. बा समोर बसून फळ्या सैल करत होता. पाऊस थांबला होता. आणि बा अचानक म्हणाला, "पोरी." मी म्हटलं, "काय बा?" तो म्हणाला, "तुले नाई." वैनीचा हात थांबला. बा तिच्याकडे न पाहता, फळीकडे पाहून, पण तिच्याशीच बोलला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "मले दिसत होतं तू चुकून राह्यली. पह्यल्या दिवशीच दिसलं. म्या थांबोलं नाई. ऐकाले बरं लागे."

वैनी म्हणाली, "मलेही."

मग तिनं पदर मागे सारला. सासऱ्यासमोर! मला वाटलं आता आभाळ पडतं. ती म्हणाली, "मामंजी, मी जाईन. तुमी म्हणसान तठी जाईन, पाट लावा, नाई तर विहिरीत ढकला. पण नान्याले सोडून मी मरून जाईन. थो गेला तवा मले रडू नाई देलं. आता जिता पोरगा काढून घेसान, तवाही रडू नाई देसान. किती खायचा पदर माणसानं?"

बा फळीच्या फटीत बोट घालून पाहत बसला. मला त्याचा राग आला. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी आलं, आणि ते माझ्या बापाचा राग. मी म्हटलं, "बोल ना बा!" त्यानं पटाशी उचलली आणि म्हणाला, "जने, तेल गरम कर."

यावेळी नाव रीतीनं झाली. आधी पाणी, मग वात, हलक्या हातानं. वैनी ठोकायची आणि बा मधे मधे सरळ तिलाच सांगायचा, "बस, अठी इतलंच." ती म्हणायची, "हो मामंजी." माझ्या मानेला सुटी मिळाली. पण नान्याबद्दल शब्द निघाला नाही, आणि पोळा जवळ आला. पोळ्याच्या दिवशी मायनं पुरण घातलं, नान्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन खाऊ घातलं. रात्री मला म्हणाली, "उद्या त्याले कासामायकडे घेऊन जाजो. थे जाईन तवा पोरगं समोर नको."

पाडव्याच्या सकाळी पलीकडून हाक आली. बानं तारेत कप्पी अडकवली. वैनी मायच्या पाया पडली. मायनं तिच्या पदरात ज्वारी आणि खण घातला आणि घरात निघून गेली. वैनी मागे न पाहता नावेकडे चालली, सरळ, जशी काही झोपेत. मी नान्याला घेऊन कासामायच्या दारात उभी होते. त्यानं आईला नावेत चढताना पाहिलं आणि मोठ्यानं ओरडला, "माय!" बा नाव सोडत होता. त्यानं दोर परत खुंटीला अडकवला. चढ चढून माझ्याकडे आला, माझ्या कडेवरून नान्याला काढलं. माझा हात सुटेना. म्हणाला, "सोड, जने. नाव कोरडी हाये." त्याला नेऊन वैनीच्या मांडीवर ठेवलं. वैनीनं बाकडे पाहिलं, मी काठावरून तिचं तोंड पाहिलं. ते तोंड मी आजही कोणाला वर्णून सांगू शकत नाही. कप्पी करकरत तारेवरून गेली. पलीकडे भाऊ पोर पाहून चमकला, हात हलवून काही बोलला, बानं त्याला काहीतरी सांगितलं. मग ते सगळे चढ चढून गेले. नान्यानं वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? तो आईच्या खांद्यावर होता.

बा परत आला. नाव बांधली, पाय धुतले, ओट्यावर बसला. मी आत जाऊन मायला सांगायला निघाले, तर ती दारातच होती, तिला सगळं दिसलं होतं. मला वाटलं आता बाची खैर नाही. पंचांनी ठरवलेलं मोडलं, तिच्या लेकाचं पोरगं देऊन आला. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"नाव गळली का?"

"नाई."

"मधात जोर होता पाण्याले?"

"होता. तारेनं धरली. किसना म्हणे तशीच धरली."

वर्षभरात आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. माय तिथंच खाली बसली. आधी नुसता श्वास ओढला तिनं, मग तोंड उघडलं, आणि मग जी किंचाळी निघाली ती मी ना त्याआधी कोणाची ऐकली ना त्यानंतर. "माह्या किसना रेऽ!" जमिनीवर हात आपटून, केस मोकळे सोडून, ती रडायला लागली, आणि मीही, इतकी की पोटात दुखायला लागलं. आळी धावत आली. बायकांना वाटलं काय आक्रीत घडलं. कासामायनं हातातलं सूप तसंच धरलं होतं, तिनं बाला हलवून विचारलं, "अवो, काय झालं? कोण गेलं?"

बा ओट्यावरून उठला.

"किसना गेला," तो म्हणाला.